न परतलेल्या रुग्णांचा हिशेब

एखाद्या रुग्णालयातील उपचार कितपत यशस्वी ठरले, याचे उत्तर त्या रुग्णालयाच्या नोंदवहीत सापडायला हवे, असे कोणालाही वाटेल. किती जणांवर उपचार सुरू झाले, त्यांपैकी किती जण सुखरूप आहेत आणि किती दगावले, एवढे मोजले की काम झाले. एचआयव्हीच्या बाबतीत मात्र हा हिशेब इतका सरळ नाही. येथील उपचार आठवड्या-दोन आठवड्यांचे नसतात. ते जन्मभर घ्यावे लागतात. रुग्णाने ठरल्या दिवशी यायचे, औषधे न्यायची आणि पुन्हा यायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. या क्रमातून काही जण मध्येच गळतात. ते हयात आहेत की नाहीत, हे नोंदवहीला ठाऊक नसते. 'जिवंत' आणि 'मृत' या दोन रकान्यांशेजारी त्यामुळे तिसरा रकाना उघडावा लागतो. एआरटी केंद्रांतील कर्मचारी त्याला 'एलएफयू' म्हणतात. पाठपुराव्यातून निसटलेले रुग्ण, असा त्याचा अर्थ.

या तिसऱ्या रकान्यात नेमके कोण दडले आहे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात एचआयव्हीवरील उपचारांच्या यशापयशाचे सारे मोजमाप त्यावर अवलंबून आहे. एकेकट्या रुग्णालयाला न सुटणारा हा प्रश्न अनेक देशांतील रुग्णालयांनी आपापल्या नोंदी एकत्र आणून कसा सोडवला, ती हकीकत वैद्यकशास्त्राच्या अलीकडील इतिहासात महत्त्वाची आहे.

औषधे आली, माहिती नव्हती

तीन प्रभावी औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती १९९६मध्ये रूढ झाली आणि श्रीमंत देशांत एड्समुळे होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. परंतु या औषधांचा वार्षिक खर्च माणशी दहा ते पंधरा हजार डॉलरच्या घरात होता. सर्वाधिक रुग्ण असलेल्या आफ्रिका व आशिया खंडांतील देशांना तो परवडणे अशक्यच होते. फेब्रुवारी २००१मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने 'मेदसाँ साँ फ्राँतिए' या स्वयंसेवी वैद्यकीय संघटनेला हीच तिहेरी औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली आणि चित्र पालटू लागले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ रोजी आठ शासकीय रुग्णालयांतून मोफत उपचारांना प्रारंभ केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे त्यांपैकी एक.

औषधे स्वस्त झाली, तरी त्यांच्या परिणामांविषयीची बहुतेक माहिती युरोप व उत्तर अमेरिकेतील रुग्णांवरून गोळा झालेली होती. आशिया व आफ्रिकेतील परिस्थिती निराळी होती. येथील रुग्ण उपचारांसाठी येत तेव्हा त्यांचा आजार पुष्कळ बळावलेला असे. क्षयरोगाची जोड जवळजवळ सर्वत्र होती. थायलंडचा उत्तर भाग, दक्षिण चीन, व्हिएतनाम आणि आपल्याकडील मणिपूर या पट्ट्यात पश्चिमेकडील डॉक्टरांना अपरिचित असलेला एक घातक बुरशीजन्य आजार एचआयव्हीबाधितांना होत असे. विषाणूचे उपप्रकारही वेगळे होते: भारतात प्रामुख्याने 'सी', तर थायलंडमध्ये दुसराच. अशा स्थितीत पाश्चात्त्य देशांतील निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडतील, असे गृहीत धरणे धोक्याचे होते.

नव्या औषधाची चाचणी काटेकोर नियमांनुसार, निवडक रुग्णांवर आणि ठरावीक मुदतीपुरती होते. ते औषध गुणकारी आहे का, हे तीतून समजते. परंतु गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, अपुऱ्या कर्मचाऱ्यांच्या हाती, शंभर किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या रुग्णावर तेच औषध दहा वर्षे कसे काम करते, हे चाचणीतून कळत नाही. त्यासाठी नेहमीचे उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदी दीर्घकाळ ठेवून त्यांचे निरीक्षण करावे लागते. अशा रुग्णसमूहाला संशोधक 'कोहॉर्ट' म्हणतात.

एका रुग्णालयाला न जमणारे काम

एका रुग्णालयातील कोहॉर्टला अंगभूत मर्यादा असतात. रुग्णसंख्या मोजकी असल्याने क्वचित घडणारे दुष्परिणाम निसटतात आणि जे आढळते ते त्या रुग्णालयापुरते खरे की सर्वत्र, हे ठरवता येत नाही. म्हणून या शतकाच्या आरंभी प्रादेशिक सहकार्याची कल्पना पुढे आली. अमेरिकेतील 'ॲमफार' या एड्स संशोधन संस्थेच्या पुढाकाराने 'ट्रीट आशिया' हे जाळे २००१मध्ये उभे राहिले आणि २००३मध्ये त्याच्या अंतर्गत आशियातील प्रौढ रुग्णांची सामायिक नोंदणी सुरू झाली. जाळ्याचा समन्वय बँकॉकहून होतो, तर नोंदींचे विश्लेषण सिडनी येथील विद्यापीठाच्या कर्बी इन्स्टिट्यूटमध्ये होते. थायलंड, मलेशिया, व्हिएतनाम, तैवान, दक्षिण कोरिया अशा देशांतील रुग्णालयांबरोबर भारतातील दोन शहरे त्यात सहभागी झाली. चेन्नईतील व्हीएचएस रुग्णालय हे एक केंद्र, तर पुण्याची इन्स्टिट्यूट ऑफ इन्फेक्शियस डिसीजेस हे दुसरे.

याच सुमारास आफ्रिका, आशिया व दक्षिण अमेरिकेतील उपचार कार्यक्रमांना एकत्र आणणारा 'आर्ट-लिंक' हा गटही स्थापन झाला. पुढे २००६मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 'आयईडीईए' (उच्चार 'आयडिया') या जागतिक संघाला अर्थसाह्य देण्यास सुरुवात केली. आशिया-पॅसिफिक, कॅरिबियन व लॅटिन अमेरिका, उत्तर अमेरिका आणि आफ्रिकेचे चार विभाग अशा सात प्रदेशांत हे काम विभागलेले आहे. त्यात आजवर वीस लाखांहून अधिक एचआयव्हीबाधितांच्या नोंदी जमा झाल्या आहेत.

नोंदी एकत्र करणे म्हणजे केवळ तक्ते जोडणे नव्हे. एका रुग्णालयात औषधाचे व्यापारी नाव लिहिलेले असते, दुसऱ्यात रासायनिक. कोठे क्षयाचे निदान थुंकीच्या तपासणीवरून होते, कोठे केवळ क्ष-किरण चित्रावरून. या सर्वांना एका सामायिक साच्यात बसवावे लागते. रुग्णाचे नाव व पत्ता मूळ रुग्णालयातच राहतो, पुढे जातो तो सांकेतिक क्रमांक. उपचारांचा निर्णय रुग्णालयातील डॉक्टरच घेतात आणि संशोधक जे घडले त्याची नोंद तेवढी वाचतात.

पहिला धक्का

या सहकार्याचे एक महत्त्वाचे फळ मार्च २००६मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गरीब देशांतील १८ उपचार कार्यक्रमांतील ४,८१० रुग्ण आणि युरोप व उत्तर अमेरिकेतील १२ कोहॉर्टमधील २२,२१७ रुग्ण यांच्या उपचारांच्या पहिल्या वर्षाची त्यात तुलना होती. उपचार सुरू होताना रुग्णाची प्रतिकारशक्ती किती शिल्लक आहे, हे रक्तातील सीडी-४ पेशींच्या संख्येवरून कळते. श्रीमंत देशांतील रुग्णांत या संख्येचा मध्यांक २३४ होता, गरीब देशांत तो केवळ १०८ भरला. आजाराच्या अवस्थेतील हा फरक हिशेबात धरल्यानंतरही गरीब देशांतील रुग्णांना पहिल्या महिन्यात मृत्यूचा धोका चौपटीहून अधिक होता. वर्षाच्या उत्तरार्धात तो सुमारे दीडपटीवर आला. औषधे तीच होती आणि विषाणूवर त्यांचा परिणामही तसाच होत होता. रुग्ण दगावत होते ते पहिल्या काही महिन्यांत.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष धोरणकर्त्यांना उपयोगी पडला. ज्या कार्यक्रमांत उपचार मोफत होते, तेथे मृत्यूचा धोका सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी आढळला. रुग्णांकडून थोडेफार शुल्क घ्यावे की घेऊ नये, या वादात हा आकडा बोलका ठरला.

अभ्यासातील एक बाब मात्र वरवर वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटण्यासारखी होती. गरीब देशांतील मृत्यूंची गणना करताना संशोधकांनी ४,८१०पैकी २,७२५ रुग्णच विचारात घेतले. न आलेल्या रुग्णाचा शोध घेण्याची पद्धत ज्या कार्यक्रमांत होती, तेथील हे रुग्ण. इतर ठिकाणचे मृत्यूचे आकडे विश्वासार्ह मानता येत नव्हते. त्या ठिकाणी मृत्यू घडत नव्हते असे नाही. ते नोंदवहीपर्यंत पोहोचत नव्हते.

कागदावरचे यश

हा दोष किती दिशाभूल करू शकतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून ध्यानात येईल. एका केंद्रात एक हजार रुग्णांवर उपचार सुरू झाले. वर्षअखेर ४० मृत्यूंची नोंद आहे आणि २०० जण पाठपुराव्यातून निसटले आहेत. शेजारच्या जिल्ह्यातील केंद्रातही एक हजारच रुग्ण आहेत, पण तेथील कार्यकर्ते न आलेल्या रुग्णाच्या घरी जातात. त्यामुळे तेथे ९० मृत्यूंची नोंद आहे आणि बेपत्ता फक्त ५० आहेत. कागदावर पहिल्या केंद्राचा मृत्युदर चार टक्के आणि दुसऱ्याचा नऊ टक्के. अहवाल वाचणारा अधिकारी पहिल्या केंद्राची पाठ थोपटेल. पण निसटलेल्यांपैकी ४० टक्के रुग्ण प्रत्यक्षात दगावले असतील, तर पहिल्या केंद्रातील मृत्यू १२० होतात आणि दुसऱ्यातील ११०. ज्याने शोध घेतला त्याचे आकडे वाईट दिसले, ज्याने घेतला नाही त्याचे चांगले.

उदाहरणातील ४० टक्के हा आकडा काल्पनिक नाही. बेपत्ता रुग्णांचा शोध घेणाऱ्या १७ अभ्यासांचा आढावा २००९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचा ठावठिकाणा लागला, त्यांच्यापैकी सरासरी ४० टक्के रुग्ण मरण पावल्याचे आढळले. ठिकाणाठिकाणांत मोठे अंतर होते. कोठे हे प्रमाण १२ टक्के होते, तर कोठे ८७. ज्या कार्यक्रमातून थोडेच रुग्ण निसटत, तेथे निसटलेल्यांत मृतांचे प्रमाण जास्त असे. जेथे पुष्कळ निसटत, तेथे त्यांच्यातील बरेच जण जिवंत असून दुसरीकडे उपचार घेत असत. म्हणजे एकच सरसकट गुणोत्तर लावूनही भागत नव्हते.

एम्बरारातील शोध

मग या रुग्णांना शोधायचे कसे? हजारो बेपत्ता रुग्णांच्या दारी जाणे कोणत्याही कार्यक्रमाला शक्य नसते. युगांडातील एम्बरारा या शहरात संशोधकांनी सोपी वाट काढली. निवडणुकीच्या मतचाचणीत काही जणांना विचारून सर्वांचा अंदाज बांधतात, तसेच बेपत्ता रुग्णांतून एक प्रातिनिधिक नमुना निवडायचा आणि तेवढ्यांचा मात्र कसून शोध घ्यायचा.

एम्बराराच्या विद्यापीठ रुग्णालयात २००४ ते २००७ या काळात ३,६२८ प्रौढांवर उपचार सुरू झाले होते. त्यांपैकी ८२९ जण पाठपुराव्यातून निसटले. त्यांतील १२८ जणांचा शोध घेण्याचे ठरले आणि १११ जणांविषयी खात्रीची माहिती मिळाली. त्यांपैकी ३२ जण मरण पावले होते. बहुतेक मृत्यू रुग्णालयातील अखेरच्या भेटीनंतर थोड्याच काळात झाले होते. हे रुग्ण औषधांना कंटाळून गेलेले नव्हते, येण्याची ताकदच त्यांच्यात उरली नव्हती.

जिवंत सापडलेल्यांची कहाणी वेगळी होती. ज्या ४८ जणांची प्रत्यक्ष मुलाखत घेता आली, त्यांतील ४० जण दुसऱ्या कुठल्यातरी केंद्रात जाऊ लागले होते. जुन्या केंद्राच्या लेखी ते बेपत्ता होते, पण त्यांच्यापुरता तिढा सुटला होता. येणे का थांबवले, या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडच्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयात ऐकू येतील अशीच होती: प्रवासाला पैसे नाहीत, वाहन मिळत नाही, कामावर खाडा करता येत नाही, घरी मुलांना सांभाळायला कोणी नाही.

या एका नमुन्याने दोन समजुती एकदमच मोडीत निघाल्या. निसटलेला रुग्ण बेपर्वा असतो ही पहिली, आणि निसटलेला प्रत्येक रुग्ण उपचारांना मुकतो ही दुसरी. तिसऱ्या रकान्यात मृत, स्थलांतरित आणि खरोखर उपचार सोडलेले असे तीन वेगवेगळे गट होते. त्या प्रत्येकासाठी उपाय वेगळा हवा होता.

'निसटला' केव्हा म्हणायचे?

वेगवेगळ्या देशांची तुलना करायची तर 'निसटला' या शब्दाचा अर्थही एकच हवा. कोणी तीन महिने वाट पाहत असे, कोणी वर्षभर. मुदत कमी ठेवली, तर उशिराने का होईना पण परतणारा रुग्ण उगाच बेपत्ता ठरतो. जास्त ठेवली, तर खरोखर गेलेल्याचा शोध घेण्याची वेळ टळून जाते. आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतील १११ केंद्रांतील १,८०,७१८ रुग्णांच्या नोंदी तपासून २०११मध्ये संशोधकांनी अखेरच्या भेटीनंतर १८० दिवस ही मर्यादा सुचवली. कोणतेही एक रुग्णालय एकट्याच्या बळावर असा निकष ठरवू शकले नसते.

त्याच वर्षी मृत्युदर दुरुस्त करण्यासाठी एक कागदी आलेखही प्रसिद्ध झाला. नोंदवलेल्या मृत्यूंचे आणि निसटलेल्यांचे प्रमाण आलेखावर शोधले की, खरा मृत्युदर किती असावा याचा अंदाज संगणकाविना मिळतो. दक्षिण आफ्रिकेने वेगळा मार्ग धरला. तेथे नागरिकाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक आणि मृत्यूनोंदणी यांची सांगड घालता येते. त्यामुळे निसटलेला रुग्ण हयात आहे की नाही, हे पुष्कळदा दप्तरातूनच कळते. जन्ममृत्यूच्या नोंदी जेथे अपुऱ्या आहेत, तेथे मात्र दारोदार जाण्याला पर्याय उरत नाही.

धोरणात काय बदलले

या संशोधनाचे मोल त्यातून झालेल्या बदलांवरून जोखावे लागेल. प्रवासाचे अंतर हे गळतीचे मोठे कारण आहे, हे स्पष्ट होताच उपचार मोठ्या रुग्णालयांतून निघून लहान केंद्रांकडे सरकू लागले. भारतात मुख्य एआरटी केंद्राशी संलग्न अशी लिंक केंद्रे उघडण्यात आली, ती याच विचारातून. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला दर महिन्याला बोलावण्याऐवजी तीन ते सहा महिन्यांची औषधे एकदम द्यावीत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्ये केली. मजुरी बुडवून औषधाला येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही सुधारणा नव्या औषधाइतकीच मोलाची होती. सुरुवातीच्या महिन्यांतील मृत्यूंचे मूळ उशिरा सुरू होणाऱ्या उपचारांत होते. उपचार केव्हा सुरू करावेत, याचा निर्णय मुख्यतः औषध-चाचण्यांनी केला, पण वाट पाहण्याची किंमत किती, हे कोहॉर्टनी आधीच दाखवून दिले होते. भारताने २०१७मध्ये सीडी-४ पेशींची अट काढून टाकून निदान होताच उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी उपचार सोडून गेलेल्या रुग्णांना शोधून परत आणण्यासाठी 'मिशन संपर्क' ही मोहीमही हाती घेण्यात आली.

महाराष्ट्राला तर हा विषय विशेष जवळचा आहे. ऊसतोडणीसाठी दर वर्षी सहा-सहा महिने गाव सोडणारी कुटुंबे, ट्रकचालक आणि मुंबई-पुण्याकडे येणारे मजूर यांचा पत्ता एका ठिकाणी टिकत नाही. अशा रुग्णाचे नाव गावाकडील केंद्राच्या यादीत 'निसटला' म्हणून चढते आणि शहरातील केंद्रात 'नवा रुग्ण' म्हणून. केंद्रांनी परस्परांशी नोंदी जोडल्या नाहीत, तर एकच माणूस दोनदा मोजला जातो आणि तरीही हरवलेलाच राहतो.

दारावरची थाप

शोध घेण्याचे हे काम नाजूक आहे. एचआयव्हीबाधिताच्या दारी आरोग्य कार्यकर्ता गेला की, शेजाऱ्यांना संशय येतो. मग जे घरच्यांपासूनही लपवले होते, ते गावभर होण्याची भीती असते. म्हणूनच रुग्णाचा शोध घेण्याची परवानगी उपचार सुरू होतानाच मागितली जाते. घरी जायचे की फक्त दूरध्वनी करायचा, हेही विचारून ठेवतात आणि कार्यकर्ता ओळख न देता जातो. भारतात २०१७चा एचआयव्ही व एड्स कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. त्यानुसार संमतीविना कोणाचीही एचआयव्हीविषयक माहिती उघड करता येत नाही. आकडे खरे हवेत म्हणून माणसाचे गुपित उघडे पडता कामा नये, हे भान प्रत्येक शोधाला ठेवावेच लागते.

या संशोधनाला मर्यादाही आहेत. जाळ्यात सहभागी होणारी केंद्रे बहुधा शहरातील, तज्ज्ञ डॉक्टर असलेली असतात आणि आशियात तर ती बहुतांशी मोठी रुग्णालये आहेत. त्यांच्या निष्कर्षांवरून तालुक्याच्या केंद्राची स्थिती ठरवणे सावधगिरीनेच करायला हवे. शिवाय जे उपचारांपर्यंत कधी पोहोचलेच नाहीत, ते अशा कोणत्याच नोंदवहीत नसतात.

पैशांचा प्रश्नही कायम आहे. आर्थिक मदत आटली की औषधांच्या आधी शोध घेणाऱ्या माणसांवर गंडांतर येते. अमेरिकेने जानेवारी २०२५मध्ये परदेशी मदत एकाएकी रोखली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक एचआयव्ही कार्यक्रमांना त्याचा फटका बसला आणि समाजात जाऊन काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या नोकऱ्या गेल्या. अशा वेळी औषधांचे कपाट भरलेले दिसू शकते आणि अहवालही समाधानकारक दिसू शकतात. कारण शोधणारे कोणी नसले की मृत्यूंची नोंद होत नाही, आणि नोंद झाली नाही की कागदावरचा मृत्युदर कमीच राहतो. उपचारांच्या यशाचा एखादा आकडा वाचताना किती जण वाचले याच्या जोडीला किती जण परत आले नाहीत, आणि त्यांच्या दारापर्यंत कोणी गेले होते का, हेही विचारले पाहिजे.